एका रात्रीत आलेले दात

१

सकाळी पिल्लाच्या तोंडातले दात बदललेले होते.

आदल्या दुपारी त्याच्या पुढच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढे, टोकदार दुधाचे दात होते. आता त्याच पिंजऱ्यातल्या, तोच पट्टा घातलेल्या पिल्लाने जांभई दिली, तर समोर रुंद, पांढरेशुभ्र, कायमचे दात. कौशल्या वानखडे गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि शांतपणे म्हणाली, "हे पिल्लू कालचं नाही."

सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. परदेशातून येणारे प्राणी, मांस, चीज वगैरे विमानतळावर आणि बंदरात कसं तपासायचं, हे इथे पशुवैद्यांना शिकवतात. मी ऋतुजा, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून इथल्या प्रयोगशाळेत काम करते. कौशल्या ही यवतमाळकडच्या एका गावातल्या दवाखान्यातून आलेली पशुवैद्य. या तुकडीत तिचा पहिला नंबर होता, आणि मुंबई विमानतळावरची नेमणूक तिला मिळणार हे सगळ्यांनी धरलं होतं. तिनेसुद्धा.

ते पिल्लू व्हिपेट जातीचं, म्हणजे शर्यतीच्या कुत्र्यांतलं. लांब पाय, कमानीसारखी पाठ आणि नळीतून ओढून काढल्यासारखं तोंड. विमानाने मुंबईत उतरलं होतं आणि निरीक्षणासाठी आमच्या विलगीकरण कक्षात ठेवलं होतं. त्याच खेपेची बाकीची पिल्लं आधीच लोकांच्या घरी पोचली होती. कागदांवर वय पाच महिने आणि रेबीजची लस टोचल्याची नोंद. पाच महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे दात बदललेले असतात. कौशल्याला दिसले दुधाचे. म्हणजे पिल्लू फार लहान आणि लस टोचल्याची नोंद खोटी, कारण तीन महिन्यांच्या आत टोचलेली रेबीजची लस धरतच नाहीत. तिने अहवालात लिहिलं: वय जुळत नाही, पिल्लू सोडू नये, खेपेतली बाकीची परत बोलवावीत.

आणि आज हे दात.

संचालक पृथ्वीराज जगदाळे आले. बुटांना औषध लागू नये म्हणून दारातला जंतुनाशकाचा ट्रे नेहमीप्रमाणे ओलांडून आले. त्यांनी स्कॅनर मागवला आणि पिल्लाच्या मानेवर धरला. टुक असा आवाज झाला. मायक्रोचिपचा नंबर कागदाशी जुळला. पट्ट्याच्या बकलातून ओवलेलं आमचं लाल प्लॅस्टिकचं सीलही जागच्या जागी, न तुटलेलं.

"चिप तीच, सील तेच," जगदाळे म्हणाले. "दात एका रात्रीत येत नाहीत, वानखडे मॅडम. म्हणजे काल तुम्हीच चुकीचं पाहिलंत. दुपारी नेमणुकांची बैठक आहे. त्याआधी 'दात तपासताना माझी चूक झाली' असं लिहून सही करा. नाहीतर हा कोर्स तुमच्यासाठी इथेच संपला."

त्यांनी पुढे केलेल्या कागदाकडे कौशल्याने पाहिलंही नाही.

"मी नाही करत सही," ती म्हणाली.

२

बैठक दुपारी होती. माझ्याकडे तेवढाच वेळ होता, आणि खरं सांगायचं तर मला कोणी काही शोधायला सांगितलं नव्हतं. पण सकाळपासून एक गोष्ट मला खटकत होती, आणि ती दातांची नव्हती.

कक्षाच्या पुढच्या दारात उथळ ट्रे असतो. त्यात पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण. आत जाणाऱ्याने त्यात पाय बुडवायचे, म्हणजे बाहेरचे जंतू आत जात नाहीत. हे द्रावण रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी स्वतः बदलते. ते गडद जांभळं असतं. कोणी त्यात पाय घातला नाही, तर सकाळीही जांभळंच राहतं. त्यात माती किंवा गवत पडलं की ते हळूहळू तपकिरी होत जातं. हे शाळेतल्या प्रयोगाइतकं साधं आहे.

आज मी सगळ्यांच्या आधी आले, तेव्हा ट्रेमध्ये कोरा चहा उकळून ठेवल्यासारखा रंग होता. तळाशी लॉनवरच्या गवताच्या काड्या. काल संध्याकाळनंतर कोणीतरी त्यात पाय बुडवून आत गेलं होतं.

मी आधी गेनबाकडे गेले. गेनबा कक्षाची झाडलोट करतो, कुत्र्यांना खायला घालतो आणि रात्री मागच्या अंगणापलीकडच्या खोलीत झोपतो. पिल्लू खरंच बदललं असेल, तर सगळ्यांचा संशय त्याच्यावरच जाणार होता, कारण किल्ली त्याच्याकडे. मी विचारायच्या आतच तो उखडला. मागच्या दाराने जातो-येतो आपण, म्हणाला, पुढच्या दाराशी काम काय? त्याची गमबुटं आतच असतात. आमची सगळ्यांची बुटं तो संध्याकाळी धुऊन मागच्या अंगणात वाळत घालतो. ती तिथेच होती, ओळीने, उलटी.

"पिल्लू कसं होतं काल?" मी विचारलं.

"गुबगुबीत व्हतं की. आज बरगड्या मोजून घ्या," गेनबा म्हणाला. "सायेब म्हन्त्यात, प्रवासाचा शीण हाय. आवो, शिनानं एका रातीत एवढं वाळाया ते काय पापड हाय का?"

मी पिंजऱ्यासमोर बसले. पिल्लू खरंच हडकुळं होतं. उंची कालच्याएवढीच, पण अंगावर मांस नाही. मोठ्या वयाचं, पोटभर खायला न मिळालेलं पिल्लू लहान वयाच्या धष्टपुष्ट पिल्लाएवढं दिसू शकतं. रंग तोच, फिका बदामी. एकाच जातीतलं दुसरं पिल्लू शोधणाऱ्याला फार फिरावं लागलं नसेल.

पण चिप? चिप कातडीखाली असते. ती एका कुत्र्यातून काढून दुसऱ्यात घालायची तर जखम दिसली असती. मी हातमोजे घालून त्याची मान चाचपली. जखम नव्हती.

पिल्लू मागचा पाय उचलून कान खाजवू लागलं. पट्टा वर सरकला, कानांपर्यंत आला आणि तिथे लोंबत राहिला. पिल्लाने डोकं झटकलं तसा तो परत खाली आला.

मी एकटक बघत राहिले. मग उठून प्रयोगशाळेत गेले आणि दार लावून घेतलं, कारण मला जे सुचलं होतं ते मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती.

३

कौशल्या प्रयोगशाळेतच बसली होती. बॅग भरून झाली होती आणि खुर्चीला टेकवून ठेवली होती. मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही.

तिने सांगितलं की तिच्या गावात गेल्या वर्षी कुत्रं चावून एक बाई गेली. दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "ऋतुजा, सही केली तर विमानतळ मिळेल. पण मग तिथे बसून मी काय तपासू? कोणी म्हटलं की दात आहेत, की दात आहेत?"

मी तिला काल दुपारचा प्रसंग पहिल्यापासून सांगायला लावला. तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. फोन कक्षाबाहेर ठेवायचा नियम असल्यामुळे फोटो कोणीच काढलेले नव्हते.

आयातदाराचा माणूस केदार पिल्लाला घेऊन आला. पांढरे बूट, अत्तर, प्रत्येक वाक्यात 'मॅडम'. दारातल्या ट्रेवरून त्याने टुणकन उडी मारली होती, बूट खराब होऊ नयेत म्हणून. पिल्लाच्या गळ्यात आधीपासूनच जाड दुहेरी चामड्याचा पट्टा होता. केदारने पिल्लाला धरलं आणि स्कॅनर चालवला तात्याराव बोकील सरांनी.

बोकील सर म्हणजे केंद्राचे सगळ्यात जुने शिक्षक. विमानतळावर हयात घालवून निवृत्त झालेले. वर्गात त्यांच्यासमोर खोकायचीही चोरी. नंबर त्यांनी वाचला, सील त्यांनीच पट्ट्याच्या बकलातून ओवलं, पट्ट्याखाली दोन बोटं घालून "ठीक आहे" म्हणाले. मग कौशल्याला तोंड तपासायला सांगितलं.

"स्कॅन करताना पट्टा गळ्यातच होता?" मी विचारलं.

कौशल्याने मान वर केली.

आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आलं. कारण मागच्या आठवड्यात तिच्या वर्गाला, मागच्या बाकावर मी बसलेली असताना, बोकील सरांनीच शिकवलं होतं: स्कॅन करण्याआधी पट्टा काढा. पट्ट्यातल्या धातूने वाचन बिघडतं, शिवाय माणसं लबाड असतात. ते वाक्य सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. आणि काल ते स्वतः पट्टा न काढता स्कॅन करत होते, तेव्हा तुकडीतल्या एकाही पशुवैद्याने तोंड उघडलं नाही.

"सरांना कोण विचारणार?" कौशल्या हळू म्हणाली.

मी म्हटलं, "तेच तर."

४

बोकील सर आणि जगदाळे एकाच ऑफिसात बसतात. पुढच्या दाराची दुसरी किल्ली तिथेच खिळ्याला असते. काल संध्याकाळी केदारही तिथे चहा पीत बसला होता. म्हणजे किल्ली कोणालाही मिळण्यासारखी होती: केदार, जगदाळे, बोकील. गेनबाकडे स्वतःची होतीच.

मी ट्रेचा हिशेब मांडला. गेनबा आत जाणार तर मागच्या दाराने. केदार ट्रेवरून उड्या मारणारा. रात्री चोरून आत शिरताना तो मुद्दाम औषधात पाय घालेल, हे पटत नाही. जगदाळे सर ट्रे ओलांडतात, वर्षानुवर्षं. ज्याच्या हाडात नियम भिनलाय, चोरी करतानाही ज्याचा पाय आपोआप त्या ट्रेमध्ये पडतो, असा एकच माणूस उरत होता.

मी बोकील सरांना भेटायला गेले. ते खिडकीशी पेपर वाचत होते. मी म्हटलं, कौशल्याच्या बाजूने काही बोलाल का, हुशार मुलगी आहे. त्यांनी पेपर खाली ठेवला. हुशार आहे, पण हट्टी, म्हणाले. चूक कबूल करायला शिकायला हवं. मी स्वतः किती खेपा तपासल्या, या आयातदाराच्या आधीच्या खेपासुद्धा मीच पास केल्या होत्या, कधी तक्रार नाही.

हे त्यांनी मला का सांगावं, ते मला कळलं नाही. मग लगेच कळलं. हे पिल्लू खोटं ठरलं, तर आधीच्या प्रत्येक खेपेखालची त्यांची सही कोणीतरी उघडून बघणार होतं.

"एवढ्या उन्हात बूट, सर?" मी जाता जाता म्हटलं.

बोकील सर बारा महिने चपलेत असतात. बंद बुटात पाय गुदमरतात, असं तेच सांगतात. आज काळे, चकचकीत बूट आणि मोजे होते, लग्नाला निघाल्यासारखे.

"टाच दुखतेय," ते म्हणाले आणि पेपर उचलून तोंडासमोर धरला.

परमँगनेट अंगाला लागलं की तपकिरी डाग पडतो. साबणाने जात नाही. नखांवर तर चांगला टिकतो. ओल्या चपलेत तसंच घरी गेलेल्या माणसाच्या नखांवर तर नक्कीच.

बाहेर आले तेव्हा बैठकीसाठी मंडळी जमायला लागली होती. माझ्या हातात चहाच्या रंगाचं पाणी आणि बुटांची एक जोडी, एवढाच पुरावा होता. खरा पुरावा त्या पट्ट्यात होता, आणि पट्ट्यावर सील होतं. लेखी हुकमाशिवाय सील तोडलं, तर गुन्हा आमच्यावरच.

५

बैठक विलगीकरण कक्षातच घ्यावी, असा कौशल्याने आग्रह धरला. शेवटची विनंती समजून जगदाळे सरांनी मान्य केलं. टेबलावर पिल्लाला आणलं. तुकडी भिंतीला लागून उभी राहिली. केदारही आला होता. आजही उडी मारून.

जगदाळ्यांनी कागद पुढे केला. पेनचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

"सही करते," कौशल्या म्हणाली. "पण आधी पट्टा काढून एकदा स्कॅन करू. वर्गात शिकवलं तसं."

बोकील सर पुढे झाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, समजावणारा. "सील तोडलंस तर प्रकरण तिथेच संपलं, बाळ. पुरावा म्हणून त्या पिल्लाला काही किंमत राहणार नाही. हे तुला कळायला हवं."

"सीलला हात कोण लावतंय, सर?"

तिने हातमोजे चढवले. डाव्या हाताने पिल्लाचं तोंड अलगद खाली दाबलं, उजव्या हाताने पट्टा मानेवरून वर सरकवला. एक कान, मग दुसरा. निमुळतं डोकं पट्ट्यातून असं सुटलं, जसा ओल्या बोटांतून साबण सुटावा. व्हिपेटची मान डोक्याएवढीच जाड असते. पट्ट्याखाली दोन बोटांची जागा सोडली, की त्याला आत ठेवणारं काहीच उरत नाही.

लाल सील बकलात तसंच होतं. न तुटलेलं.

मी स्कॅनर घेतला. मान, खांदे, छाती, पाठ, चारी पाय, सगळीकडून सावकाश फिरवला. काही आवाज नाही. मग कौशल्याच्या हातातल्या पट्ट्याजवळ नेला.

टुक.

नंबर तोच.

"चिप कुत्र्यात कधीच नव्हती," मी म्हटलं. "पट्ट्याच्या दुहेरी चामड्यात शिवलेली आहे. काल एका पिल्लाच्या गळ्यात होती, रात्री दुसऱ्याच्या. म्हणून दात बदलले आणि नंबर बदलला नाही."

केदार दाराकडे सरकला. दारात गेनबा उभा होता. हाताची घडी घालून, बाजूला न होता.

मग मी ट्रेबद्दल सांगितलं. कोण उडी मारतं, कोण ओलांडतं, कोण मागच्या दाराने येतं. जगदाळे सरांनी हे ऐकताना स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. शेवटी मी म्हटलं, काल संध्याकाळनंतर इथे कोणीतरी चपलेने आलं आणि ट्रेमध्ये पाय बुडवून आत गेलं. त्याच्या नखांवर आज डाग असणार.

"म्हणजे मोजे काढायचे?" बोकील सर म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही.

"तुमची इच्छा, सर," कौशल्या म्हणाली. "सकाळी सर्वांसमोर माझ्या डोळ्यांवर शंका घेतली, तेव्हा मला कोणी इच्छा विचारली नव्हती."

ते खुर्चीवर बसले. मोजे त्यांनी काढले नाहीत, आणि कोणी काढायला लावलेही नाहीत. मग म्हणाले, पहिल्या खेपेच्या वेळी त्यांनी खरंच नीट तपासलं नव्हतं. केदार आपल्याच ओळखीतला, गर्दीचा दिवस, पट्ट्यावर स्कॅनर धरला, आवाज आला, सही केली. नंतर केदारनेच हसत हसत सांगितलं की चिप कुठे होती. तेव्हापासून प्रत्येक खेपेला सही करावी लागली. काल कौशल्याने दात पाहिले आणि केदारने दुसरं पिल्लू आणून दिलं, रात्री त्यांनी पट्टा सरकवून अदलाबदल केली.

"कालचं पिल्लू कुठे आहे?" कौशल्याने विचारलं. ती रागावलेली दिसत नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

"माझ्या घरी. सदाशिव पेठेत. केदार नेणार होता. मी दिलं नाही. लस नसलेलं पिल्लू कुठे विकलं असतं त्याने, कोणास ठाऊक. न्हाणीघरात वेगळं ठेवलंय. दूध पितंय."

जगदाळ्यांनी पोलिसांना फोन लावला. मग कौशल्याला एका बाजूला घेतलं. मी जवळच होते, त्यामुळे ऐकू आलं. पोलिसांत केदारचं नाव जाऊ दे, म्हणाले. पण अहवालात बोकील सरांचं नाव घालायलाच हवं का? वय झालंय. इतक्या तुकड्या घडवल्या त्यांनी. केंद्राचीही अब्रू आहे. 'एका अधिकाऱ्याकडून' असं लिहिलं तरी चालेल.

"सकाळी माझं नाव लिहिताना कोणाला अडचण वाटली नव्हती," कौशल्या म्हणाली.

टेबलावर दोन कागद होते: तिचा कालचा अहवाल आणि तिने 'चूक' कबूल करायचा बिनसहीचा माफीनामा. तिने माफीनाम्याची घडी घालून जगदाळ्यांच्या हातात दिली, जशी कोणी दुकानदाराला नको असलेली पिशवी परत देतं. कालच्या अहवालात एकही शब्द बदलला नाही. खाली फक्त जोडलं: पिल्लू बदलण्यात आलं, डॉ. तात्याराव बोकील यांच्याकडून. खेपेतली सर्व पिल्लं परत बोलवावीत. या आयातदाराच्या आधीच्या सर्व खेपाही. मग सही केली.

दुपार उलटल्यावर आम्ही सदाशिव पेठेतून ते पिल्लू घेऊन आलो. गुबगुबीत, झोपाळू, हिरडीवर कण्यांसारखे दात. कौशल्याने त्याला हातमोज्यांतून जपून धरलं होतं. दारातला ट्रे मी नव्याने भरला होता, गडद जांभळा. तिने गमबुटांत पाय सरकवले, दोन्ही पाय बुडवले आणि आत गेली.

मागून जगदाळे सर आले. सवयीने त्यांनी पाय उचलला, ट्रे ओलांडायला.

कौशल्याने वळून पाहिलं. पिल्लू तिच्या दोन्ही हातांत होतं, त्यामुळे ती फक्त हनुवटीने ट्रेकडे खूण करू शकली.

"सर," ती म्हणाली, "पाय."

जगदाळे क्षणभर तसेच एका पायावर उभे राहिले. मग त्यांनी तो चकचकीत बूट खाली आणला आणि जांभळ्या पाण्यात टेकवला. मग दुसरा.